परतीचा दोर

‘परतीचे दोर कापणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आपण प्रत्येकाने शाळेत सोडविला आहे. बहुतेकांनी उत्तरात सूर्याजी मालुसऱ्यांचीच गोष्ट लिहिली असेल. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्यावर तानाजी पडलेले, मावळे आल्या वाटेने माघारी फिरू लागलेले, आणि सूर्याजी त्यांना बजावतात की दोर तर केव्हाच कापून टाकले आहेत. पोवाडे, नाटके आणि पाठ्यपुस्तके यांनी ही कथा आपल्या मनात इतकी खोल रुजविली आहे की, दोर कापणारा तो शूर आणि दोर राखणारा तो कचखाऊ, असे समीकरण मराठी माणसाच्या बोलण्यात आपोआप तयार झाले.

सभासदाच्या बखरीत त्याच लढाईची हकीकत वाचली तर लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जाते. ही बखर १६९७ ची, म्हणजे घटनेनंतर अवघ्या सत्तावीस वर्षांची. तीत घोरपडीचा पत्ता नाही. दोन निवडक मावळे आधी कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली, आणि मग तानाजींसह तीनशे माणूस वर गेले, असा तेथे क्रम आहे. माळ म्हणजे दोराची शिडी. हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा मला तो इतिहासापेक्षा प्रस्तरारोहणाचा पहिला धडा वाटला. दोघांनी पुढे जायचे, जागा पक्की करायची, आणि मागच्यांसाठी दोर खाली सोडायचा. आजही कडा याच रीतीने चढतात.

प्रस्तुत लेख त्या दोराविषयी आहे. सूर्याजींशी माझे भांडण नाही. ती लढाई होती. आम्ही सुटीच्या दिवशी कडे चढणारी कॉलेजची मुले.

जव्हारहून मोखाड्याला आणि तेथून खोडाळ्यामार्गे त्र्यंबककडे निघाले की आपले ओळखीचे पठार हळूहळू संपत जाते आणि समोर कातळाची रांग उभी राहते. भास्करगड, हरिहर, ब्रह्मगिरी ही त्यातली ठळक नावे. सरकारी हिशेबाने ही रांग नाशिक जिल्ह्यात मोडते आणि आपण २०१४ पासून पालघर जिल्ह्यात; पण निरगुडपाड्याच्या बाजूने हरिहरला जाणारा माणूस आपल्याच तालुक्यातून पुढे गेलेला असतो. हरिहरच्या कातळात कोरलेला जिना आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. सुटीच्या दिवशी त्या उभ्या पायऱ्यांवर इतकी गर्दी असते की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला वाट द्यायची कशी, हाच मोठा प्रश्न होऊन बसतो.

त्याच हरिहरचा दुसरा एक कडा आहे. तिकडे जिना नाही आणि गर्दीही नाही. गिर्यारोहक मंडळी त्याला ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी तो नोव्हेंबर १९८६ मध्ये दोन दिवसांत सर केला आणि त्याची उंची १७० मीटर भरते, असे सांगतात. (स्कॉट हे आडनाव, गृहस्थ इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. कड्याला मात्र स्कॉटलंडचे नाव चिकटले ते कायमचे.) १९७५ साली एव्हरेस्टचा नैर्ऋत्य कडा प्रथम चढून माथ्यावर पोहोचलेल्या दोघांपैकी हे एक. अशा माणसाला आपल्या शेजारच्या डोंगरावर दोन दिवस लागावेत आणि आपण मात्र त्याच माथ्यावर जिन्याने तासाभरात जावे, यात मौज आहे. माथा एकच, वाटा दोन. तेव्हा ‘माथ्यावर पोहोचलो’ एवढ्या वाक्याने काहीच कळत नाही. कसे पोहोचलात आणि कसे उतरलात, हे विचारावे लागते.

आता या कातळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण दोराचा सारा हिशेब त्यावर अवलंबून आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. एकावर एक असे थर साचत गेले. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट काळ्या बेसॉल्टचे. त्यांची झीज सावकाश होते आणि ते सरळ तुटतात, म्हणून तेथे कडा तयार होतो. काहींत वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पांढरे स्फटिक भरले. असा दगड लवकर कुजतो आणि त्याची उतरती, गवताळ पायरी होते. दोन थरांमध्ये कोठे कोठे विटकरी मातीचा पट्टा सापडतो, तो सर्वांत दगाबाज. भूगर्भशास्त्रात या सगळ्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि यातला ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हरिहरचा जिना माणसांनी कोरला; डोंगर मात्र मुळातच जिना होता, फक्त त्याच्या पायऱ्या कुणा राक्षसाच्या मापाच्या.

या राक्षसी पायऱ्यांमुळे आपल्याकडची चढाई टप्प्याटप्प्यांची होते. एक दोर साधारण ५० मीटरचा. कडा त्याहून उंच असला की तो एका दमात चढता येत नाही. पुढचा गडी, ज्याला आपण लीडर म्हणतो, तो दोर बांधून चढतो. खालचा साथीदार तो दोर हळूहळू सोडतो आणि लीडर सुटला तर तो जागच्या जागी रोखतो. याला बिले देणे म्हणतात. वाटेत लीडर फटीत खिळा ठोकतो किंवा बोल्ट बसवितो, त्यात कॅरॅबिनरची कडी अडकवितो आणि कडीतून दोर ओवून पुढे जातो. बसायला जागा आली, म्हणजे बहुधा तीच गवताळ पायरी, की तो स्वतःला तेथे बांधून घेतो आणि मागच्याला वर घेतो. येथे एक टप्पा संपला. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. हरिहरच्या १७० मीटरचा ५० मीटरच्या दोराने नुसता भागाकार केला तरी चार टप्पे होतात, आणि कातळ काही भागाकार पाहून पायऱ्या देत नाही.

भागाकाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. लीडर पडला तर दोराला किती हिसका बसेल, हे तो किती उंचीवरून पडला एवढ्यावर ठरत नाही. पडण्याचे अंतर भागिले तोवर सुटलेल्या दोराची लांबी, या आकड्यावर ते ठरते. बिले देणाऱ्यापासून २ मीटर वर, मध्ये एकही खिळा नसताना लीडर सुटला तर तो ४ मीटर पडेल आणि दोर सुटला असेल फक्त २ मीटर. भागाकार २. याहून वाईट आकडा या व्यवहारात नाही. तेच ४ मीटरचे पडणे २० मीटर दोर सुटल्यावर झाले तर भागाकार ०.२. दोर ताणला जातो आणि हिसका पोटात घेतो. दोर लांब तितके त्याचे पोट मोठे. म्हणून टप्प्याच्या आरंभी, जेथे पायाखालची जागा जवळ दिसते आणि भीती वाटत नाही, तेथेच पहिला खिळा लवकर ठोकायचा असतो. नवशिके नेमके उलटे करतात. वर भीती वाटू लागली की खिळे ठोकतात आणि खाली धीटपणा दाखवितात.

आणि हा ताणला जाणारा दोर म्हणजे विहिरीचा दोर नव्हे. सुरुवातीला आम्ही बाजारात मिळणारी हिरवी प्लॅस्टिकची दोरी घेऊन एका छोट्या कातळावर उतरण्याचा सराव केला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे, कारण अजूनही आपल्या तालुक्यांत मुले तीच दोरी घेऊन धबधब्यांवर जातात. ती दोरी हिसका पोटात घेत नाही, आणि घर्षणाने तापली की वितळते. आम्हाला शिकवायला आलेल्या एका जाणत्या गिर्यारोहकाने ती हातात घेतली, तिच्या टोकाचे वितळलेले बोंडुक पाहिले, आणि काही न बोलता ती म्हशीच्या गोठ्यात नेऊन टांगली. नंतर चौघांनी वर्गणी काढून एक खरा दोर घेतला. ५० मीटर, आत पिळलेले नायलॉनचे धागे, वर विणलेले कवच, बरोबर मध्यावर काळ्या शाईची खूण.

ही खूण प्रथम मला शोभेची वाटली होती. तिचा अर्थ कळायला एक सबंध दिवस वाया जावा लागला.

आमचा सुळका हरिहरच्या मानाने पोरवयाचा. मोखाडा तालुक्याच्या पूर्वेला एका सोंडेच्या टोकाशी तो सुटा उभा आहे. पाड्यावरच्या लोकांनी त्याची दोन नावे सांगितली. दोन्ही छापण्याजोगी नसल्याने येथे देत नाही. आमच्यापैकी खोडाळ्याचा मित्र लीडर, विक्रमगडची मैत्रीण बिलेवर, तिसरा मी आणि चौथा वाड्याचा. दिवाळीनंतरचे दिवस होते. पावसाळ्यात आपल्याकडच्या कातळाकडे पाहायचेही नाही. तो सुकतो नोव्हेंबरात. नेमके त्याच वेळी अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर कामाला निघून गेलेला असतो. आम्ही पाठीवर दोर घेऊन वर जात होतो तेव्हा दोन कुटुंबे डोक्यावर बोचकी घेऊन खाली उतरत होती. त्यांनी विचारले, कुठे? आम्ही सुळक्याकडे बोट दाखविले. ती माणसे हसली नाहीत, हे मला जास्त लागले.

पहिला टप्पा २० मीटरचा. वर रुंद पायरी आणि कातळात मुळे रोवलेले पायरीचे झाड. (पायरीवर पायरी, असा विनोद तेव्हा प्रत्येकाने एकदा केला.) तेथपर्यंत दहा वाजता चौघे पोहोचलो. दुसरा टप्पा खालून पाहून आम्ही २५ मीटरचा धरला होता. खालून पाहिलेला कडा नेहमी आखूड दिसतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. खोडाळेकर उत्तम चढत होता. साडेअकराच्या सुमारास बिलेवरच्या मैत्रिणीच्या हातातून काळी खूण सरकली आणि ती ओरडली, “निम्मा!”

वरून उत्तर आले, “चार हात राहिलं गं!”

“कुणाचे चार हात? पायरी दिसते का तुला?”

“नाही.”

“मग खाली ये. निम्मा झाला.”

तो दोन मिनिटे तेथेच चिकटून राहिला. मग शेवटच्या खिळ्यात एक कॅरॅबिनर कायमची सोडून, तिच्यातून ओवलेल्या दोरावर तो खाली आला. दोर त्याच्यापासून खिळ्यापर्यंत वर आणि खिळ्यापासून बिलेपर्यंत खाली, असा दुहेरी लागतो. म्हणून ५० मीटरच्या दोरावर लीडरला २५ मीटरपर्यंतच सुखरूप खाली घेता येते. खूण हातातून गेली की ती सोय संपली. आणि खूण लीडरला दिसत नाही. तो कातळात गढलेला असतो. परतीचा हिशेब खालच्याने ठेवायचा असतो.

घरी परतताना वाड्याचा मित्र कोणाशी बोलला नाही. एस. टी. मध्ये बसल्यावर म्हणाला, “परतीचे दोर कापून जायला पाहिजे होतं.” खरे सांगायचे तर मीही त्याच्याच बाजूचा होतो. मैत्रीण खिडकीबाहेर पाहत राहिली. दोन दिवसांनी तिने वहीच्या पानावर आकृती काढून आणली. समजा, गेलो असतो. टप्पा ३५ मीटरचा निघाला असता. (तो तेवढाच होता, हे पुढे मोजले.) चौघेही वर पोहोचलो असतो. आता उतरा. एकच दोर, दुहेरी करून सोडला तर २५ मीटर खाली येतो आणि १० मीटर अधांतरी राहतो. एकेरी बांधून सोडला तर पायरीपर्यंत पोहोचता, पण दोर वरच अडकला, आणि खालच्या २० मीटरसाठी हातात काही नाही. पानाच्या तळाशी तिने एवढेच लिहिले होते: ‘मग चौघांनी झाडाखाली बसावे.’

येथे डग स्कॉट यांच्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. हरिहरला येण्याच्या नऊ वर्षे आधी, जुलै १९७७ मध्ये, ते आणि ख्रिस बॉनिंग्टन काराकोरममधील ओगर या ७२८५ मीटरच्या शिखरावर पोहोचले. या शिखरावर तोवर कोणी गेले नव्हते. संध्याकाळ झाली होती. माथ्यावरून पहिल्याच दोराने उतरताना स्कॉट यांचा पाय बर्फावर सुटला, दोर लंबकासारखा झुलला आणि ते समोरच्या कातळावर आदळले. दोन्ही पाय घोट्याच्या वर मोडले. पुढचे दिवस ते गुडघ्यांवर रांगत उतरले. मो अँथोइन आणि क्लाइव्ह रोलंड हे दोघे साथीदार वाट काढीत, दोर बांधीत पुढे राहिले. मध्ये वादळ झाले, अन्न संपत आले, बॉनिंग्टन यांच्याही बरगड्या मोडल्या. सगळे जिवंत परतले. ओगरवर पुन्हा माणूस पोहोचला तो २००१ साली. इतकी वर्षे ज्या माथ्याने कोणाला येऊ दिले नाही, त्या माथ्यावर पोहोचण्यापेक्षा तेथून या चौघांनी परत येणे मला अधिक थोर वाटते. आणि ते दोर शिल्लक होते म्हणून घडले.

दोर कापल्याचा आरोप मात्र गिर्यारोहणात सर्वांत जिव्हारी लागतो. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न प्रथम सर झाला. सात जण माथ्यावर गेले. उतरताना नवखा हॅडो घसरला, त्याच्यासह चौघे गेले. मागे राहिलेल्या तिघांत थोरला वाटाड्या टाउगवाल्डर होता. त्याच्या पुढचा दोर तुटला होता. तो त्यानेच कापला, अशी कुजबूज झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला. दोर तुटलाच होता. बरोबरच्या दोरांपैकी सर्वांत कमकुवत दोर नेमका त्या जागी बांधला गेला होता. चांगला दोर होता, पण दुसरीकडे होता.

आम्ही पुन्हा गेलो ते जानेवारीत, एक दोर उसना आणून. सहा वाजता निघालो. दोन दोर म्हणजे चौघांचे दोन जोड. मैत्रीण वर जाताना दुसरा दोर पाठीमागे ओढीत न्यायची, त्यावर मी, आणि सर्वांत शेवटी वाडेकर, वाटेतल्या कड्या काढून गळ्यात अडकवीत. शेवटच्या गड्याचे काम कोणी वाखाणीत नाही. तो वर येतो तेव्हा गाईच्या गळ्यातल्या घंटांसारखा वाजत येतो, आणि आधीचे तिघे गप्पांत असतात.

‘निम्मा’ ही हाक या वेळीही आली. फक्त तिच्या पाठोपाठ “जा!” असेही आले.

तिसरा टप्पा १८ मीटरचा, चढायला सोपा पण सुट्या दगडांचा. बैलगाडी उभी राहील एवढाच माथा. खोडाळेकर साडेबाराला तेथे पोहोचला. आरोळी नाही, हात वर करणे नाही. “बिले तयार” एवढेच ऐकू आले. पुढचा एक तास दहा मिनिटे तो बसून दोर ओढीत होता. एक वाजून चाळीस मिनिटांनी वाडेकर घंटा वाजवीत आला तेव्हा कुठे त्याने प्रथम मान वळवून पश्चिमेला पाहिले. जव्हारकडचे पठार धुरकट दिसत होते. पूर्वेला ब्रह्मगिरीची रांग, मध्ये भाताची कापलेली खाचरे. चौथ्याला बसायला जागा नव्हती, म्हणून आळीपाळीने उभे राहून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आनंद झाला का? झाला. पण माझ्या पोटात उतरण्याचा आकडा फिरत होता. दोन दोर एकत्र बांधले की ५० मीटर उतरता येते. वरचे दोन टप्पे मिळून ५३. तीन मीटरने हुकते. खालचे दोन मिळून ५५. म्हणजे एकही टप्पा वाचत नाही, तीन वेळा दोर लावायचा, तीन वेळा ओढून काढायचा. प्रत्येक वेळी टोकाला गाठ, आणि कोणता दोर ओढायचा हे चौघांनी मोठ्याने म्हणायचे.

दुसऱ्या वेळी ओढताना दोर कडेला अडकला. वाडेकराने बाजूला सरकून झटका दिला, तो सुटला, आणि त्याच्याबरोबर खोबऱ्याच्या वाटीएवढा दगड आमच्यामधून गेला. सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट होते. कोणी काही बोलले नाही. साडेपाचला खाली होतो.

घरी आल्यावर अंगणात दोर पसरून बोटांनी चाचपला. एका टोकाकडे दोन मीटर कवच खरवडले होते, आतले पांढरे धागे दिसत होते. वाडेकराने तो तुकडा कापला आणि टोक मेणबत्तीवर धरून बुजविले. दोर आता ४८ मीटर. त्यामुळे काळी खूण मध्यावर राहिलेली नाही, एक मीटरने चुकते आहे. मैत्रिणीने जुन्या खुणेवर फुली मारून नवी खूण करायला घेतली आहे. शाई वाळायला दोन दिवस लागतील.